दाराखालची आठ भोकं

कुणाच्या दारात नवी गाडी आली की लोक तिचा रंग बघतात, आतल्या गाद्या दाबून बघतात. मी खाली वाकते. गुडघे कुरकुरतात, तरी वाकते आणि दाराखालच्या कडेवरून बोट फिरवून भोकं शोधते. परवा नातवाने गाडी आणली. पेढे वाटून झाले आणि मी खराट्याची काडी घेऊन ओट्यावरून उतरले, तेव्हा सून ओरडली, "अहो आई, काय करताय? शोरूमची आहे ती!" शोरूमची असली म्हणून काय झालं? पाण्याला शोरूम कळते का? ते आत शिरतं, बाहेर पडायला वाट शोधतं, आणि वाट मिळाली नाही तर तिथेच बसून लोखंड खात राहतं. हे मला बाबांनी शिकवलं. त्या शिकवण्याचा मी काय उपयोग केला ते मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही, यजमानांनाही नाही. आता ते नाहीत, मला वाढवणारी आत्या नाही, बाबा तर कधीचेच गेले. मला विचारणारं कोणी उरलं नाही, तेव्हा लिहून टाकते.

बाबा फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. बुलढाण्याहून गाडी निघाली की पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवत नसे. कधी धाडच्या बाजूची गावं, कधी घाट उतरून थेट जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. गाडी जुनी, नाक पुढे आलेली, आणि पाठीमागे लोखंडी खोलीच होती म्हणा. जाळीच्या खिडक्या, औषधांचं कपाट, स्टोव्ह ठेवायला पत्र्याचा कोनाडा, पाण्याची टाकी आणि भिंतीला साखळ्यांनी अडकवलेल्या झोपायच्या दोन फळ्या, एक खाली, एक वर. डॉक्टरसाहेब मुक्कामाला गावातल्या शाळेत नाहीतर पाटलाकडे जायचे. बाबा गाडीतच खालच्या फळीवर झोपायचे. वरच्या फळीवर कोणी झोपत नसे. दारावरचं नाव दोनदा बदललेलं होतं. आमचा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला की पेंटर यायचा आणि जुन्या नावावर नवं नाव लिहून जायचा. रंग खरवडताना मला ती खालची अक्षरं दिसायची आणि फार मोठं गुपित सापडल्यासारखं वाटायचं.

आमचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा आणि मोठं अंगण. आई मी सहा वर्षांची असताना गेली. तेव्हापासून बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, घर सांभाळायला आली. आत्या मनाने वाईट नव्हती, पण कानाने गेलेली होती. तिच्याशी बोलायचं म्हणजे शेजारच्या चार घरांशी बोलायचं. त्यामुळे मी बोलणंच सोडून दिलं. शाळेत बाईंनी शाबासकी दिली, ती सांगायची कुणाला? "आत्या, मले बाईनं शाबासकी देली" हे वाक्य गल्लीभर ओरडून सांगितलं की त्यातली गोडीच जाते. मग मी ते गिळून टाकायची. घरात आवाज होते ते भाकरी थापल्याचे, राखेने भांडी घासल्याचे, आणि संध्याकाळी आत्या जपमाळ ओढायची त्या मण्यांचे. तिला स्वतःला ते मणी ऐकू येत नव्हते. मी ऐकत बसायची. एकटेपणा हा शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हता.

पंधरा दिवसांनी घाटाच्या अंगाने गाडीचा आवाज यायचा. दुसऱ्या गिअरमध्ये ती एक कण्हल्यासारखा सूर काढायची, तो मी शाळेत बसूनही ओळखत असे. डॉक्टरसाहेबांना सोडून, औषधं जमा करून बाबा गाडी आमच्या अंगणात आणायचे, कारण ऑफिसात तिला छप्पर नव्हतं. आल्या आल्या घरात यायचे का? छे! चपला काढायच्या आधी बादल्या काढायचे. घाटाखालच्या, पूर्णा नदीकाठच्या गावांमधलं पाणी खारं. गाडी गावात शिरली की बायाबापड्या प्रेमाने तिच्या चाकांवर हंडे ओतायच्या, दाराला कुंकू लावायच्या, पोरं हौसेने अख्खी गाडी धुऊन काढायची. बाबांना नाही म्हणवत नसे. ते पाणी वाळलं की पत्र्यावर पांढरा खार धरायचा. "इमल, आंधी मीठ उतरवू, मंग भाकर खाऊ," बाबा म्हणायचे. माझं नाव विमल, पण आमच्याकडे ते इमलच झालं होतं. मग मी आडावरून गोड्या पाण्याच्या बादल्या आणायची आणि बाबा गाडीला नाकापासून शेपटापर्यंत धुवायचे, पोळ्याच्या दिवशी बैल धुवावा तसे.

धुतल्यावर दोन दिवस गंजाचं काम. ते दोन दिवस म्हणजे माझी दिवाळी. मडगार्डच्या कडेला, खिडकीच्या चौकटीखाली रंगाला फोड यायचे. बाबा म्हणायचे, "फोड फोडाले भेवाचं नाही. वरून चांगलं दिसते म्हून सोडलं का गेलंच समज." मी खरवडणीने फोड उडवायची, तारेच्या ब्रशने घासायची, मग रॉकेलचा बोळा, मग काचपेपर. खाली लोखंड चांदीच्या वाटीसारखं चमकू लागलं की बाबा बोट फिरवून म्हणायचे, "आता हे जितं झालं." त्यावर लेप द्यायचा तो शेंदराचा. जवसाच्या तेलात शेंदूर खलून घट्टसर करायचा आणि कुंचल्याने पातळ, अगदी पातळ लावायचा. तो उन्हात वाळला की वरून रंग. गाडीच्या पोटाला इंजिनातलं जळकं तेल. किराणावाल्याकडे शेंदूर आणायला मीच जायची. तो दर वेळी विचारायचा, "काऊन वं पोरी, तुमच्या घरी मारुती हाय तरी किती?" आज कळतं, त्या शेंदरात शिसं असतं, म्हणजे विषच. आम्ही ते नखांत घेऊन, साबणाने वरवर हात धुऊन, त्याच जवसाची चटणी आणि भाकर खायचो. काही झालं नाही. झालं असलं तरी त्या जेवणांची सर मला पुढे कशालाच आली नाही.

आणि भोकं. दाराखाली पायदानाच्या वर पत्र्याची एक पोकळ पट्टी असते. खिडकीतून, सांध्यातून झिरपलेलं पाणी तिच्यात उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून गळून जातं. आमच्या गाडीला चार या बाजूला, चार त्या बाजूला. चिखलाने ती बुजायची. बाबांची बोटं जाड आणि जवळचं त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते काम पहिल्यापासून माझं. उताणं झोपायचं, खराट्याची काडी घालून फिरवायची आणि आठही भोकांतून थेंब गळतात का ते बघायचं. बाबा आंघोळीला गेलेले असायचे, आतून ओरडायचे, "भोकं पाह्यली काय वं?" मी ओरडायची, "हाव! आठीच्या आठी!" या सगळ्या काळात बाबा बोलत असायचे. कुठल्या गावात अस्वल दिसलं, कुठल्या म्हातारीने सुईला भिऊन डॉक्टरसाहेबांचा हात चावला. मीही बोलायची, पंधरा दिवसांचं साठलेलं सगळं. काम संपलं की मी वरच्या फळीवर चढून झोपायची. छताचा पत्रा नाकापाशी यायचा, औषधांचा वास यायचा, आणि वाटायचं, आता बाबांनी विसरून गाडी सुरू करावी. मला घेऊन चला असं मात्र कधी म्हटलं नाही. का नाही म्हटलं? त्या वयात आपल्याला वाटतं, मोठ्या माणसांना सगळं दिसत असतं.

मग मी मोठी झाले, म्हणजे आत्याच्या भाषेत मोठी. बारावं सरत होतं. मला काही ठाऊक नव्हतं, मी घाबरून रडत होते, आणि आत्याने मायेनेच सगळं समजावून सांगितलं, पण ते तिच्या आवाजात. अर्ध्या गल्लीला कळलं. मला मागच्या पडवीत पोत्यावर बसवलं, पाण्याचा वेगळा तांब्या दिला. दुसऱ्याच दिवशी घाटातून तो कण्हणारा सूर आला. मी उठून धावले, तर आत्या दारात आडवी. "गाडीले शिवजो नको! शेंदूर हाय त्यात, देवाचा!" शेंदूर मारुतीचा, म्हणून गाडीही मारुतीची. तोवर त्या शेंदरात माझी कोपरं बुडालेली असायची ते कोणाला आठवलं नाही. मी पडवीतून बघत राहिले. बाबांनी एकट्याने पाणी ओढलं, एकट्याने धुतलं, एकट्याने घासलं. एकदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चोरी केल्यासारखी मान फिरवली. चौथ्या दिवशी मी न्हाऊन उठायच्या आत गाडी निघूनही गेली. पंधरा दिवसांचं साठलेलं माझ्याजवळ तसंच राहिलं, त्यात पुढच्या पंधरा दिवसांची भर.

पुढच्या खेपेला मी न्हाऊन-धुऊन तयार होते. पण बाबा खाली बघत म्हणाले, "इमल, आता तू मोठी झाली. गाडीखाली लोळनं बरं नाही दिसत. लोकं जाऊन येऊन रायतात. शेंदराचं काम मी करीन."

"मंग मी काय करू?"

"भोकं पाह्यजो ना. ते बसून बी होते."

बस! सगळ्या राज्यातून मला आठ भोकं उरली. बाबा आता काम करताना बोलेनासे झाले. वयात आलेल्या पोरीशी काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं. आई असती तर कळलं असतं. मला मात्र एवढंच कळलं की गाडीने माझा बाप नेला. पंधरा दिवस नेत होतीच, आता उरलेले दोन दिवसही तिलाच.

नेमकं तेव्हाच डॉक्टरसाहेब काही कागद द्यायला घरी आले होते. दसऱ्यानंतर गाडीची वार्षिक तपासणी व्हायची, ती नुकतीच पार पडली होती. ओट्यावर चहा पिताना ते बाबांना म्हणाले, "या वर्षी सुटलो. पुढच्या वर्षी तळ गेलेला निघाला तर कंडम करतील बघा. तुम्ही काळजी करू नका, तुम्हाला ऑफिसात घेता येईल. घरच्या घरी राहाल." बाबा हसले आणि म्हणाले, "मी हाय तोवर तळ जात नाही, साहेब." मी दाराआड उभी होते. 'घरच्या घरी' एवढेच शब्द माझ्या कानात राहिले.

माझा एक हिरवा परकर होता, बारीक पिवळ्या ठिपक्यांचा. आता मला तो आखूड झाला म्हणून आत्याने पोतेऱ्यात टाकला होता. मी त्याच्या चिंध्या केल्या, बोटभर रुंदीच्या. एकेक चिंधी ओली करून काडीने भोकात कोंबली, घट्ट, आणि वरून काळी माती थापली. आपल्याकडची काळी माती वाळली की दगड होते. रस्त्याचा चिखलच लागलाय असं दिसायचं. हात थरथरत होते का? नाही. खोटं कशाला लिहू? हात अगदी सराईत चालत होते, शिकवलेले हात होते ते. आतून आवाज आला, "भोकं पाह्यली काय वं?" मी ओरडले, "हाव! आठीच्या आठी!"

वर्षभर मी हे केलं. दर खेपेला एखादा बोळा हादऱ्याने निसटलेला असायचा, तो नवा बसवायचा. बाबा नेहमीसारखे आल्या आल्या बादल्या काढायचे. जितकं पाणी ते प्रेमाने ओतायचे, तितकं त्या पट्टीत उतरून बसायचं, आधीच्या खारात मुरायचं. त्यांच्या हातूनच ते होत होतं, हे मला दिसत होतं. एकदा पावसाळ्यात जेवताना म्हणाले, "घाटात वळनावर खळखळ आयकू येते. टाकी गळून राह्यली का काय, समजत नाही." घास तोंडातच फिरला. बाबांनी दोन दिवस टाकी उघडून, तपासून, पुन्हा बसवली. टाकी बिचारी धड होती. त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण पुढच्या सकाळी गाडी निघाली, आत्याचे मणी वाजू लागले, आणि माझं मन पुन्हा घट्ट झालं.

त्या दसऱ्याला बाबांनी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मला खोबऱ्याचा तुकडा देताना म्हणाले, "अजून धा वर्षं काई होत नाही हिले." तो तुकडा मी गिळला कसा, देव जाणे. आठवड्याने ऑफिसच्या आवारात तपासणी. शाळेला सुट्टी होती, आत्याने मला डबा घेऊन पाठवलं. तिथे तपासणीला आलेले साहेब होते, डॉक्टरसाहेब होते आणि करीम मिस्त्री. मिस्त्री बाबांचा जुना दोस्त, बाबांना 'उस्ताद' म्हणायचा. त्याने हातोडीने टकटक करत तळ ऐकायला सुरुवात केली. डाव्या दाराखाली हातोडी आली आणि आवाज बदलला. मिस्त्री थांबला. त्याने पेचकस टेकवला, जोर न देता, नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. आणि त्या छिद्रातून काळंतांबडं पाणी जे वाहायला लागलं ते थांबेचना. मिस्त्रीच्या विजारीवरून, बुटांवरून वाहत आवारातल्या धुळीत त्याचा ओघळ झाला. पायदानावर बाबांनी पाय ठेवून बघितला, ते पाव तुटल्यासारखं मोडून खाली आलं. दुसरी बाजू तशीच.

"उस्ताद, ये कैसा?" मिस्त्री उताणा होत म्हणाला. "पाणी अडलं कुठी?" त्याने पकडीने माती उकरली आणि भोकातून काहीतरी ओढलं. लांब, ओलं, गंजाने माखलेलं. झटकलं तर त्याला एक हिरवी कड होती आणि कडेवर पिवळे ठिपके.

मी डबा छातीशी धरून दहा हातांवर उभी होते. बाबांनी ती चिंधी मिस्त्रीच्या हातातून घेतली. डोळ्यांपासून लांब धरून बघितली, जवळचं दिसत नव्हतं म्हणून. मग माझ्याकडे नाही बघितलं. मुद्दाम नाही बघितलं, हे मला अजून जाणवतं. चिंधी खाकी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

साहेबांनी विचारलं, "हे कोणी कोंबलं?"

"मीच, साहेब," बाबा म्हणाले. "धूर लय आत जात होती, म्हून बुजवली."

धूर म्हणजे धूळ. करीम मिस्त्री जमिनीवरून उठून बसला. "उस्ताद, तुमी?" जिल्ह्यातल्या निम्म्या ड्रायव्हरांना भोकांचं महत्त्व बाबांनीच शिकवलं होतं. साहेब कागदावर लिहीत होते. बाबा ताठ उभे होते, पण मान खाली. माझ्या बापाची मान चारचौघांत मी पहिल्यांदा खाली बघितली, आणि ती खाली घालायला लावणारी मीच होते. पुढे जाऊन बोलावंसं वाटलं. पण मी डबा पायरीवर ठेवला आणि घरापर्यंत पळत आले.

गाडी कंडम झाली. डॉक्टरसाहेबांनी शब्द टाकला म्हणून बाबांची नोकरी वाचली, पण निष्काळजीपणाचा शेरा पडला आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं ठरलं. ऑफिसात शिपाई म्हणून घेतलं. फायली इकडून तिकडे न्यायच्या, साहेबांची घंटा ऐकायची. साडेपाचला बाबा घरी. रोज घरी! मला हवं होतं ते शंभर टक्के मिळालं होतं. पहिल्या दिवशी मी त्यांना आवडतात म्हणून तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी केली. ते जेवले, "चांगले झाले" म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. मी शेजारी बसले. अंगणात गाडीच्या चाकांच्या दोन खोलगट रेघा होत्या, त्यांच्याकडे बघत बसलो. काय बोलावं? दोन्ही हातांना काम असताना जे बोलणं व्हायचं, ते नुसतं बसून होईना. आतून आत्याचे मणी. पूर्वी मी एकटी ऐकायची, आता बाबाही ऐकत होते. काही दिवसांत त्यांच्या नखांतला शेंदूर निघून गेला. एखाद्या परक्या माणसाचे हात असावेत तसे ते स्वच्छ हात मला बघवत नव्हते.

हिवाळ्यात एक म्हातारी घर विचारत आली. जळगाव जामोदकडच्या कुठल्या गावची, कोर्टाच्या कामाला पोराबरोबर बुलढाण्याला आलेली. पदराला बांधून तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. "भाऊ, तुमी काऊन येत नाही? नातीचे डोये आले. आमी म्हटलं गाडीवाला डाक्तर येईन, थांबा. दोन महिने वाट पाह्यली." बाबा म्हणाले, "गाडी मोडली, माय. माह्या चुकीनं." मी आत शेंगा सोलत होते. दाणे सगळे परातीबाहेर गेले. दुसरी गाडी पुढच्या उन्हाळ्यात आली, दुसरा ड्रायव्हर घेऊन. त्या नातीच्या डोळ्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आता कोणाला विचारू? ती जिवंत असली तर माझ्याहून थोडी लहान म्हातारी असेल.

अशीच वर्षं गेली. मॅट्रिक झाले, अकोल्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला नंबर लागला. बाबांनी जुन्या बाजारातून लोखंडी पेटी आणली, गंजून गेलेली. आत्या ओरडली, "पोरीले असली पेटी देतं काय तू?" किती वर्षांनी बाबांनी तारेचा ब्रश काढला, काचपेपर काढला, आणि ओट्यावर बसून चार दिवस घासली. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "शेंदूर घेऊन ये." मी किराणावाल्याकडे गेले. तो आता थकत चालला होता, त्याने पुडी बांधून दिली. मी परत आले तेव्हा बाबांनी जवसाच्या तेलाची वाटी पुढे सरकवली. "खल," म्हणाले. आत्या बघत होती. बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की ती माळ घेऊन आत गेली. आम्ही दोघांनी मिळून लेप दिला, पातळ, अगदी पातळ. फार नाही बोललो, पण हात जवळजवळ चालत होते.

निघायच्या दिवशी सकाळी स्टँडवर बस लागली होती. कंडक्टरने पेटी टपावर चढवायला उचलली, तर बाबा म्हणाले, "थांब, भाऊ." त्यांनी पेटी तिरपी केली आणि मला तळ दाखवला. चारही कोपऱ्यांत बारीक भोकं पाडलेली होती, कडा कानशीने गुळगुळीत केलेल्या.

"टपावर पाणी लागते," ते म्हणाले. "आत गेलं तरी निंघून जाईन. हे बुजवजो नको, इमल."

मी मान वर केली. ते माझ्याकडेच बघत होते, त्या दिवशी ऑफिसच्या आवारात बघितलं नव्हतं ते आता बघत होते. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं. माझे डोळे गळायला लागले. म्हटलं, "बाबा, ते मी..."

"मले मालूम हाय. तुह्या परकराचं कापड मीच आनलं होतं, मलकापूरच्या बजारातून." मग म्हणाले, "तू मले एक डाव म्हनाले पायजे होतं. बाबा, नका जाऊ, म्हून."

"म्हटलं असतं तर राह्यले असते काय तुम्ही?"

खोटं बोलणं त्यांना उभ्या जन्मात एकदाच जमलं, ते माझ्यासाठी. त्यांनी खरोखर विचार केला. कंडक्टर पेटी टपावर ठेवून खाली उतरला, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

"नाही," बाबा म्हणाले. "गेलोच असतो. पन सुट्ट्याइत तुले घेऊन गेलो असतो. वरची फळी त रिकामीच रायत होती."